शून्य विस्थापन

संगणक प्रयोगशाळेतील पहिल्याच तासाला, सव्वादोन वाजता, माझा जोडीदार तन्वीर मुलाणी स्टुलासकट सरकू लागला. दिशा खिडकीची, किंचित वर. वेग मी फुटपट्टीने मोजला: सेकंदाला एक सेंटिमीटर. खिडकी दीड मीटरवर होती, दुसऱ्या मजल्याची, आणि उघडी.

"काय केलंस तू?" तन्वीरने विचारले.

"सॉल्व्हचं बटण दाबलं."

"ब्रॅकेट जखडलं होतंस?"

नव्हते. भिंतीला बोल्टने बसवायच्या लोखंडी ब्रॅकेटच्या पडद्यावरच्या आकृतीवर मी भार ठेवला होता. ते कुठे धरून ठेवायचे, हे ताण मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला सांगितले नव्हते. न धरलेली वस्तू अल्प भारानेही निघून जाते. ब्रॅकेट पडद्याबाहेर गेले होते.

"शाब्बास. म्हणे मॅन्युअल पाठ आहे. आवर आता, भावा."

बोल्टचे पहिले भोक निवडेपर्यंत दोन मिनिटे गेली. ते जखडताच माझी उजवी टाच फरशीला जखडली गेली आणि तन्वीरचा वेग निम्मा झाला. मिनिटभराने दुसरे भोक: डावी टाच, वेग पुन्हा निम्मा. तिसऱ्याला कंबर. निम्मी-निम्मी होत जाणारी श्रेणी शून्यावर पोहोचत नाही, हे मला अकरावीपासून ठाऊक होते. तन्वीर खिडकीच्या चौकटीबाहेर वीतभर गेला होता. त्याच्या बुटांखाली काही नव्हते.

भोकरे सर मागे येऊन उभे राहिले.

"सर, तन्वीर बाहेर चाललाय."

"हजेरी झालीय ना त्याची?" सर म्हणाले. "सगळे पृष्ठभाग निवड आणि जखडून टाक. आपल्याकडे दरवर्षी तसंच करतात."

"मग ब्रॅकेट वाकणारच नाही, सर. उत्तराला अर्थ उरणार नाही."

"सही हवीय ना?"

मला तन्वीर थांबायला हवा होता. मी सगळे पृष्ठभाग निवडले. माझी बोटे, जबडा, पापण्या जखडल्या गेल्या. ब्रॅकेट एकसारखे निळे झाले: ताण शून्य, विस्थापन शून्य. तन्वीर थांबला, तोंड अर्धवट उघडे, एक हात माझ्याकडे. सरांनी दोन्ही वह्यांवर सह्या केल्या.

तीन वाजता पुढची तुकडी आली. एका मुलीने माझ्या बोटांखालून माऊस ओढून घेतला आणि ती नवी फाईल उघडू लागली. जुनी जतन करायची का, असे सॉफ्टवेअरने विचारले.

"हे ठेवायचंय का रे तुला?" ती म्हणाली.

माझा जबडा जखडलेला होता, आणि तन्वीर अजून खिडकीबाहेर अधांतरी होता.

"बोलत नाहीस म्हणजे नकोय," ती म्हणाली, आणि पॉइंटर 'नाही'वर नेला.