खिडकीवरची तार

खिडकीच्या चौकटीत मारलेल्या खिळ्यावर तारेचा तो फास अजून लोंबत होता. बाटलीच्या गळ्याएवढा, खालच्या अंगाला काळपट, आणि लगतच्या धुराड्याची ऊब लागली की किंचित हलणारा. चहाचा वाडगा हातात धरून असानाली रोज सकाळी त्याच्याकडे बघत नसे. म्हणजे न बघण्याचं काम तो रोज सकाळी नेमाने करत असे, आणि ते काम त्याला दुखऱ्या गुडघ्यापेक्षा जड जायचं. खरं तर पक्कडीचा एक चिमटा पुरे होता. पक्कड कोटाच्या खिशातच असते. मग काढत का नाही? काढली तर अनिपा विचारील, अहो, ती तार कुठे गेली? आणि तिने नाही विचारलं, तर ते जास्त वाईट.

तो फेल्टचे बूट चढवून बाहेर पडला. दारापासून उत्तरेच्या खांबापर्यंत बेचाळीस पावलं. खांब उघड्यावर, वाऱ्याच्या तोंडाशी, घराची किंवा तबेल्याची ऊब पोचणार नाही असा. घाटाखालच्या या रस्ता-ठाण्यावर बावीस हिवाळे त्याचं हेच काम : टाकीतलं डिझेल बाटलीत भरून खांबाला टांगायचं आणि उजाडल्यावर बघायचं. बाटली स्वच्छ असली तर बर्फ काढायची गाडी जाऊ दे. आत धुरकट मेण दिसायला लागलं तर टाकीत रॉकेल मिसळायचं, मगच गाडी. आणि रॉकेल आधी घालायचं असतं. एकदा डिझेल दह्यासारखं थिजलं की वरून ओता हवं तेवढं, उपयोग नाही... हे तोच सगळ्यांना शिकवायचा. आव तर असा, की थंडी यानेच निर्माण केली आहे.

बाटली आज गढूळ होती. त्याने ती उन्हाकडे धरली, हलवली, परत टांगली. रस्त्यावरून जाणारा कोणीतरी घोडेस्वार ओरडला, "वा असानालीदादा! गुडघा गेला, पण तुमची फेरी काही चुकत नाही!"

नाही चुकत. आता नाही चुकत.

नोव्हेंबरात गुडघा सुजला तेव्हा बेचाळीस पावलं बेचाळीस कोस झाली होती. मग म्हटलं — कोणाला म्हटलं? स्वतःलाच — बाटली खिडकीबाहेर टांगली तर काय बिघडतं, थंडी काय इथे नाही आणि तिथे आहे? तार वळवली, खिळा ठोकला. चहा पिता पिता काचेतून बघायचं. उंटावरून शेळ्या. पण त्याच खिडकीतून चुलीचं धुराडं बाहेर जातं आणि बाटली त्याच्यापासून वीतभर अंतरावर, हे बावीस हिवाळे काढलेल्या माणसाच्या ध्यानात येऊ नये? आलं होतं की. आलं होतं, आणि मी ते बाजूला सारलं होतं. त्या सकाळी बाटली चांगली स्वच्छ दिसली. बर्फाची गाडी चालवणारा बेइशेन ती चालू ठेवून दारात उभा होता. मी काचेवर टकटक केली आणि आतूनच हात हलवला, जा. एवढंच. एक शब्दसुद्धा खर्च केला नाही.

गाडी घाटमाथ्याच्या अलीकडे बंद पडली. फिल्टर मेणाने बुजलेला. तो उघडायला बेइशेनने हातमोजे काढले, बोटं डिझेलने भिजली आणि वर तो वारा... असानाली घोड्यावरून पोचला तेव्हा बेइशेन गाडीत हात काखेत घालून बसला होता आणि हसत होता. "दादा, बोटं कुठेतरी ठेवली वाटतं, सापडत नाहीत." शहरातल्या डॉक्टरांनी उजव्या हाताची तीन काढली. अंगठा आणि एक बोट उरलं.

आणि मी काय केलं? त्याला इस्पितळाच्या गाडीत चढवलं, घरी आलो, आणि तोंड धुवायच्या आधी बाटली खिडकीवरून काढून खांबाला नेऊन टांगली. तेव्हा गुडघा दुखला नाही. साहेब चौकशीला आले, बाटली बघितली, म्हणाले, "जागेवर आहे. म्हणजे डिझेलच भेसळीचं आलं, काय?" असानालीने मान हलवली. तीही पुरती नाही. पण तेवढ्या मानेवर टँकरवाल्या कुबातची नोकरी गेली. हल्ली तो बाजारात बटाटे विकतो म्हणतात.

अनिपा दारातून म्हणाली, "चला ना. बेइशेन वाट बघत असेल. आज तुमच्याशिवाय तो ताटाला हात लावायचा नाही."

जीव वाचला म्हणून बेइशेनने मेंढा कापला होता. खोलीत गोधड्या अंथरलेल्या, बारा-चौदा माणसं, मध्ये रश्श्याची वाफ. असानाली दाराजवळ बसायला गेला, तर बेइशेनची बायको रायकान कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "दादा, तिथे जोडे बसतात. तुम्ही वर बसायचं."

"मी इथे बरा आहे, वहिनी. गुडघा वाकत नाही."

"नाही वाकला तर लांब करा. घर तुमचंच आहे."

त्याला ओढत नेऊन दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं. मग बेइशेन स्वतः आला, डाव्या हाताने ताट तोलत, उजव्या पंजाचं उरलंसुरलं खाली आधाराला. ताटात मेंढ्याचं डोकं. थोरल्याचा मान. खोलीत त्याच्याहून दोन म्हातारे थोर होते, ते दाढी कुरवाळत खुशीने माना डोलावत होते.

"यांना द्या," असानाली म्हणाला. "माझा मान नाही हा."

"ऐका! लाजतोय नवरदेवासारखा," एक म्हातारा म्हणाला. "अरे, घोडा घालून तू वर गेलास. घे मुकाट्याने."

खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे तर खायच्या आधीच खवखवत होतं. त्याने सुरी घेतली. कान कापून पोरांना दिले. मग डोळे. रीत अशी, की एक डोळा आपण खायचा आणि दुसरा त्याला द्यायचा, ज्याची वरचेवर भेट व्हावी असं आपल्याला वाटतं. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने पहिला तोंडात घातला, न चावता गिळला. दुसरा सुरीच्या टोकावर... आणि बेइशेन समोर गुडघे टेकून बसला. उजवा हात त्याने पुढे केला, अंगठा आणि ते एकच बोट. तुकडा बुळबुळीत, पकडीत येईना. एकदा निसटला, दोनदा निसटला.

"डाव्या हाताने कसा घेऊ, पाप लागेल," बेइशेन हसून म्हणाला. "दादा, तूच भरव." आणि त्याने तोंड उघडलं.

असानालीने भरवला. त्याची बोटं, पाचही, बेइशेनच्या ओठांना लागली. लोक हसले, कोणीतरी म्हणालं, बघा, पिल्लू! असानालीला वाटलं आता मोठ्याने रडू येणार. ते सगळ्यांना कृतज्ञतेचं वाटलं असतं, म्हणून तेही त्याने गिळलं.

दुपार कलायच्या आत बेइशेन त्याच्याबरोबर बाहेर पडला. "सोमवारपासून गाडीवर," तो सांगत होता. "चाक डाव्या हाताने वळतं, गिअरला दोन पुरतात. नवा पोऱ्या देतो म्हणत होते साहेब, मी म्हटलं, असानालीदादाने जा म्हटल्यावर मी डोळे मिटून जातो. चल, बघू काय म्हणते तुझी बाटली."

खांबाकडे जायची वाट खिडकीवरूनच होती. असानाली मुद्दाम खिडकीच्या बाजूने चालला, अंग आडवं घालून. पण गुडघा अडला, तो मागे राहिला, आणि बेइशेन थांबला.

"ही तार कसली रे, दादा?"

धुराड्यातून धूर येत होता. आधीच घरी परतलेली अनिपा काचेआड उभी होती, हातात भांडं, पुसायचं थांबलेलं. सांगायला काय, हजार गोष्टी होत्या. कपड्यांची. कंदिलाची. कांद्याची माळ टांगायची. चाळीस दिवस त्याने त्या एकेक करून जमवून ठेवल्या होत्या.

"बाटलीची," असानाली म्हणाला.

बेइशेनने तारेकडे बघितलं. मग धुराड्याकडे. उजवा हात वर करून त्याने तो धुराड्याजवळ धरला, सहज, शेकायला धरतात तसा, आणि तारेच्या फासापर्यंत हळूहळू आणला. तिथेही ऊब लागत होती. हात तिथेच राहिला.

"कधीची?" त्याने विचारलं. आवाज साधाच होता. मागे वळून न बघता विचारलं.

असानालीने तोंड उघडलं. आत तयार ठेवलेलं काहीच सापडत नव्हतं. कंदील नाही, कांदे नाहीत. भीती होती, पण ती आता पकडली जाण्याची नव्हती. बेइशेन आपणहूनच म्हणेल, असू दे दादा, गुडघा दुखत असेल तुझा... त्याची होती. त्याआधी बोललं पाहिजे. आधी. रॉकेलसारखंच. नंतर घालून उपयोग नाही.