आखाजीचं ताट

आतडं सडलं म्हणून धुळ्याच्या डॉक्टरांनी ते काढून टाकलं, तेव्हापासून माझं जेवण पिशवीतून येतं आणि छातीतल्या नळीनं थेट रक्तात जातं. तोंडानं खाल्लेलं अंगी लागत नाही, उलटूनच पडतं. सासरी हे कोण करणार? म्हणून मी चाळीसगावजवळ माहेरी राहते. नळीला पिशवी जोडण्याआधी हात धुऊन धुऊन आईच्या बोटांची सालं निघाली आहेत. फ्रिजमधली पिशवी ती तासभर पदरात धरून बसते. लेकीला गार अन्न कसं घालायचं, म्हणते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिनं खापरावर मांडे केले. आधी माझ्या वारलेल्या वडिलांचं, आबांचं, पान वाढलं. त्यांना आवडायचा म्हणून आमरस जास्त घातला आणि पान कावळ्यासाठी घराच्या धाब्यावर ठेवलं. मग खाली येऊन तिनं आणखी एक ताट वाढलं, मांड्यावर तूप सोडलं आणि ते माझ्यासमोर ठेवलं.

माझं डोकंच फिरलं.

"हे कुणासाठी?"

"तुले आवडस ना, बेटा. नुसतं देख."

"आवडीचं वाढायचं आणि ज्याच्यासाठी वाढलं त्यानं ते खायचं नाही. आत्ता वर आबांसाठी हेच करून आलीस ना?"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं ताट झटकन स्वतःपुढे ओढलं आणि खायला लागली. रडत होती, तरी खात राहिली. शेवटी तिनं ताट बोटानं निपटून घेतलं. कावळ्याला एक कणही उरू दिला नाही.