कोरा राहिलेला बूट

मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा. उजव्या पायाचा माझा जोडीदार इथे शेजारीच आहे, पण तो बोलायचा नाही. त्या मोठ्या शहरात जे झाले त्यानंतर त्याने तोंड मिटले ते मिटलेच. म्हणून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मित्रांनो, मान वर करून सांगावी अशी ही गोष्ट नाही. तरी ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलावर कोणी कातडे कापले, कोणी शिवले, कोणी लाकडी साच्यावर ओढून बसवले. तळ मात्र कातड्याचा नव्हता. तो होता मऊ, हलक्या फोमचा. शेवटच्या टेबलावरच्या बाईने मला हातात घेऊन वाकवले, तळ अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाली, "हा चालायला जन्मलाय." ते वाक्य माझ्या डोक्यात गेले. चांगलेच गेले.

दुकानात आम्ही वरच्या फळीवर होतो. एका संध्याकाळी एक बाई आत आल्या. हातांवर जुन्या भाजल्याचे डाग, कपड्यांना गरम इस्त्रीचा वास. दुकानदाराने विचारले, "कोणासाठी बघताय?"

"माझ्यासाठी."

"रोजच्याला हवेत की..."

"चालायला हवेत. खूप चालायला."

त्या बाई म्हणजे आत्या. भावाच्या घरी राहायची आणि कोपऱ्यावर तिचे इस्त्रीचे दुकान होते. घरातले सगळे आणि गल्लीतलेही तिला आत्याच म्हणत. दिवसभर ती एका जागी उभी. चालणे म्हणाल तर घर ते दुकान आणि दुकान ते घर. पण तिने इस्त्री केलेले कपडे मात्र दूर दूर जाऊन येत. गिऱ्हाइके त्या मोठ्या शहरात जात, परत येत, आणि चुरगळलेले सदरे तिच्यापुढे टाकत. ती हौसेने विचारी, "काय काय पाहिलं?" ते म्हणत, "बघायचं काय त्यात? कामं होती. गाडीतून गेलो, गाडीतून आलो." आत्याचा जीव चडफडे. घरी येऊन म्हणे, "एवढ्या मोठ्या शहरात जायचं आणि पाय जमिनीला लावायचा नाही! मी गेले ना, तर एकटी जाईन आणि पायी फिरेन. गल्लीबोळ सोडायचा नाही."

त्यासाठी आम्ही आलो होतो. निघायचे ठरलेही होते. तेवढ्यात वहिनीचे, म्हणजे भावाच्या बायकोचे, पोटाचे ऑपरेशन निघाले. आत्या म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी भाच्याचे लग्न ठरले. मग भाचेसुनेचे बाळंतपण, मग भावाचे गुडघे. दर वेळी कोणी ना कोणी म्हणे, "आत्या आहे ना घरात!" आणि आत्या असायचीच.

आम्ही खोक्यात, पातळ कागदात गुंडाळलेले, तिच्या कपाटात. अधूनमधून ती आम्हांला बाहेर काढी, मऊ फडक्याने पुशी, नाड्या सैल करून पुन्हा बांधी आणि परत ठेवी. शेजारणी आल्या की भाचेसून म्हणे, "आत्या, ते तुमचे बूट दाखवा ना." मग आमची वरात निघे. "अगंबाई, अजून कोरे करकरीत!" "डागसुद्धा नाही हो!" "आत्या, हे बूट तुमच्याआधी पेन्शनीत निघायचे बघा!" सगळ्या हसत. आत्याही हसे. मला मात्र अभिमान वाटे. दाराशी घरच्या झिजलेल्या चपला पडलेल्या असत, त्यांच्याकडे बघून मी नाक मुरडे. कुठे ते झिजके तळवे आणि कुठे मी! न चालण्याचेच कौतुक होत होते आणि ते मला गोड लागत होते. आज ते आठवले की नाडीने तोंड आवळून घ्यावेसे वाटते.

शेवटी आत्याने ठरवले. एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून ती म्हणाली, "मी जातेय. चार दिवस. एकटी."

घरात कल्ला झाला. "या वयात?" "एवढ्या शहरात हरवलीस तर?" भाचा म्हणाला, "मी येतो की सोबत." आत्याने मान हलवली. ती म्हणाली, "तू आलास की तू पुढे आणि मी तुझ्या मागे. मग शहर तू बघशील, मी तुझी पाठ बघेन."

भाचेसून हसत म्हणाली, "दोन दिवसांत फोन येतो की नाही बघा. 'न्यायला या रे' म्हणून."

आत्याला ते लागले. "मी तसा फोन केला ना, तर पुन्हा कुठं जायचं नाव काढणार नाही. या दुकानातून घरी, घरातून दुकानात. झालं?"

मित्रांनो, या एका वाक्यावर तिचे सगळे चालणे टांगलेले होते. आणि ते पेलायचे होते आम्हांला.

शहरात तिने एका बेकरीच्या वर छोटी खोली घेतली. सकाळी उठून तिने आम्हांला पायांत घातले. केवढा क्षण तो! तिचा पाय उबदार होता. आम्ही रस्त्यावर उतरलो. फरशीचा खडबडीतपणा, ट्रामचे गुळगुळीत रूळ, भाजीबाजारातला ओला चिखल, पुलावरचा वारा. आत्या प्रत्येक दुकानापुढे थांबे, पाट्या ओठ हलवत वाचे, कोणी वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघून "इस्त्री नाही बाई यांना ठाऊक" असे पुटपुटे. ती इतकी खुशीत होती की एका उतारावर चक्क पळाली.

त्या उतारावरच मला काहीतरी जाणवले. माझ्या पोटात भुसभुशीत झाल्यासारखे वाटले. मी स्वतःला म्हटले, नवीन आहे, बसेल जागेवर.

दुपारी आम्ही एका मोठ्या संग्रहालयात गेलो. आत पांढऱ्या दगडाची जमीन, आरशासारखी. आत्या चित्रे बघत एका दालनातून दुसऱ्यात गेली. तिथे एक शाळेची सहल आली होती. एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "आजी, तुमची बिस्किटं सांडतायत!"

आत्याने पिशवी चाचपली. पिशवी बंद होती. तिने मागे पाहिले. पांढऱ्या जमिनीवर दारापासून तिच्यापर्यंत काळ्या भुग्याची रेघ आली होती. आणि त्या रेघेवरून एक झाडूवाली बाई मुकाट्याने झाडत येत होती. ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने वरही पाहिले नाही.

पहारेकरी जवळ आला. हळूच म्हणाला, "बाई, तुमच्या बुटांचं काहीतरी झालंय."

बुटांचं म्हणजे आमचे. चालायला जन्मलेल्या आमचे! माझा तळ शिळ्या केकसारखा फुटला होता आणि टाचेचा तुकडा लोंबत होता. जोडीदाराचा तर निम्मा तळ मागच्या दालनातच राहिला होता. आत्या बाहेर निघाली तेव्हा पावलागणिक फटक, फटक असा आवाज येत होता. मुले हसली. शिक्षिकेने त्यांना गप्प केले, त्याने तर आणखी लाज वाटली. आत्याची मान खाली होती, म्हणजे ती आमच्याकडेच बघत होती. तिची ती नजर मी जन्मात विसरणार नाही.

बाहेर पायऱ्यांवर बसून तिने रुमालाने मला बांधले. मग फोन काढला, भाच्याचा नंबर लावायला घेतला आणि तसाच हातात धरून बसली. नंतर फोन पिशवीत टाकला आणि लंगडत पुलाशी आली. तिथे एक म्हातारा चांभार बसला होता.

त्याने मला उलटे केले. "किती वर्षं वापरलेत?"

"आजच घातलेत."

"थट्टा करताय गरिबाची?"

"नाही हो भाऊ. नवे आहेत. जपून ठेवले होते."

त्याने अंगठा दाबला. तळ भुगा होऊन त्याच्या मांडीवर पडला. "जपलेत म्हणूनच झालं हे. फोम नुसता पडून राहिला की कुजतो. वरचं कातडं चांगलंय. नवे तळ लावतो, पण गोंद वाळायला दगडाखाली ठेवावे लागतील. उद्या संध्याकाळी न्या. तोवर ह्या घाला."

त्याने चपलांचा जोड पुढे सरकवला. जोड कसला! एक काळी, एक तपकिरी. एकीचा अंगठा तारेने आवळलेला.

"ह्या वेगवेगळ्या आहेत," आत्या म्हणाली.

"मुद्दाम ठेवल्यात. गिऱ्हाईक बूट शिवून होईपर्यंत घालून बसतं. सारख्या ठेवल्या की त्यांना पाय फुटतात. आता खोलीवर जा आणि आराम करा. बसायच्या चपला आहेत, फिरायच्या नव्हेत."

आत्याने त्या पायांत सरकवल्या, तेवढ्यात फोन वाजला. भाचेसून होती. तिचा आवाज मला चांभाराच्या मांडीवरूनही ऐकू आला. "आत्या, कशा आहात? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे ग," आत्या म्हणाली. मग थोडे थांबून, "ठीक नाहीये. बूट फुटले. संग्रहालयात भर लोकांत. सगळीकडे भुगा झाला."

पलीकडे हसू फुटले. "वाटलंच होतं मला! थांबा तिथेच. ह्यांना गाडीत बसवते, रात्रीपर्यंत पोचतील."

 आत्याने आमच्याकडे पाहिले, मग पायांतल्या त्या दोन रंगांकडे पाहिले. मी मनात म्हणालो, संपले. एका दुपारीच आम्ही हिला घरी नेऊन बसवले.

"नको पाठवू त्याला," आत्या म्हणाली. "बूट फुटलेत. पाय शाबूत आहेत."

"अहो पण, आत्या..."

"आणि हे बघ, फोन तू केलास. मी नाही." तिने फोन बंद केला आणि चालू लागली. खोलीकडे नव्हे. पुलावरून, पलीकडच्या गर्दीत. चांभार ओरडला, "बाई! अहो, बसायच्या आहेत त्या!"

दुसरा दिवस मी दगडाखाली काढला. शेजारी शिवायला आलेले बूट होते. वेडेवाकडे, टाचा झिजलेले, आणि प्रत्येकाला कुठून तरी आल्याचा वास. माझ्याजवळ सांगण्यासारखे काय होते? एक उतार आणि भुग्याची रेघ. ज्या शहरासाठी मला घेतले, ते शहर त्या घडीला तारेने आवळलेली चप्पल बघत होती. चांभारही सारखा चरफडत होता, कारण गिऱ्हाइकांना कागद पसरून त्यावर उभे राहावे लागत होते. एक जाडे गृहस्थ एका पायावर तोल सावरत म्हणाले, "काय हो, तुमच्या त्या चपला कुठेत?"

"गेल्या गाव बघायला!" चांभार म्हणाला.

संध्याकाळ झाली. त्याने हत्यारे आवरायला घेतली. मला वाटले, ती येणार नाही. का यावे? मी तिच्या कोणत्या उपयोगी पडलो होतो?

ती आली. पाय घोट्यापर्यंत धुळीने माखलेले, चेहरा उन्हाने रापलेला. खाली बसली आणि सुरूच झाली. ती घंटेच्या मनोऱ्यावर चढून आली होती. वरून कपडे वाळत घातलेल्या गच्च्याच गच्च्या दिसतात म्हणाली. लोक तिचे पाय बघून हसत, आणि हसल्यावर बोलल्याशिवाय राहत नसत. एकीने तर घरात नेऊन चहा पाजला.

"लाज नाही वाटली?" चांभाराने विचारले.

"वाटली की. पहिल्या चौकापर्यंत लई वाटली. मग लाज बरोबर होतीच, तिलाही घेऊन फिरले."

चांभार म्हणाला, "त्या मनोऱ्यावर मी कधी चढलो नाही बघा. जन्म गेला इथं."

"मग जा की! बघा तरी तुमच्या चपला कुठवर जाऊन आल्या."

उरलेल्या दोन दिवसांत आत्याने आम्हांला घातले, पण जपून. नवे तळ ओलसर आहेत म्हणून लवकर खोलीवर परतायची. मनोरा आम्ही खालूनच पाहिला.

आता आम्ही रोज चालतो. दुकानात, बाजारात, पावसात, गाळात. तिचा अंगठा माझ्या कातड्यातून वर आलेला दिसतो. आता कोणी मला दाखवायला काढत नाही. पण आत्या त्या शहराच्या गोष्टी सांगते तेव्हा ऐकणारे हमखास माझ्याकडे बोट करतात, "ह्याच बुटांनी ना?" आणि आत्या म्हणते, "हो, ह्यांनीच." माझी लाज राखायला म्हणते. मला जमिनीत जावेसे वाटते.

मित्रांनो, वस्तू जपायची असेल तर ती वापरा, पुसा, शिवा, पुन्हा वापरा. कौतुकाने झाकून ठेवू नका. आम्ही आतल्या आत कुजतो आणि तुम्हांला पत्ताही लागत नाही. आणि तुमच्या घरात एखादी आत्या, काकू, मावशी असेल, जिचे "पुढच्या वर्षी बघू" कधी संपलेच नाही, तर आज तिच्याजवळ जाऊन बसा. तुला कुठे जायचे होते, एवढेच विचारा. तिने सांगितले की लगेच "मी येतो सोबत" म्हणू नका. तिच्या पायांत घालायला काय आहे, तेवढे बघा.