चौदा झाडांचं गाऱ्हाणं

“खरा सांग गो, झाडांका हात लावलंस मा?”

काशीबाईंनी नातीला हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा समीक्षाने खाली बघूनच मान हलवली. हो, लावला होता. अंगणापलीकडे ओळीने लावलेली चौदा झाडं माना टाकून उभी होती. मोगऱ्याची पानं कडेने करपली होती, अबोली पार आडवी झाली होती आणि लिंबावर तर औषधाला पान उरलं नव्हतं.

“भायर बसलेली आसताना झाडांका शिवाचा नाय, ह्या तुका किती वेळा सांगलंय? आता बघ, काय झाला ता!”

समीक्षा तेरा वर्षांची. आईवडील दोघंही गोव्यात नोकरीला, म्हणून शाळेसाठी ती शिरोड्याला आजीआजोबांकडे राहायची. पाळी सुरू होऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. झाडं लावल्यावर तिसऱ्या दिवशी, पाळीत असतानाच, तिने सवयीने त्यांना पाणी घातलं होतं. एवढाच काय तो गुन्हा!

तिचे आजोबा, दत्तप्रसाद, पडवीत बसून सगळं ऐकत होते. ते एक शब्दही बोलले नाहीत.

खरं तर ती बाग त्यांची. तीस वर्षं पोस्टात नोकरी करताना सावंतवाडीच्या भाड्याच्या खोलीत त्यांनी गॅलरीभर कुंड्या जपल्या. निवृत्तीनंतर गावी घर बांधलं आणि पहिला मनसुबा ठरला, तो कुंड्यांतली झाडं जमिनीत लावायचा. जन्मात कुदळ हातात धरलेली नव्हती, पण कुणाला विचारलं तर पोस्टमास्तरांची शान जायची ना! वडील माड लावताना खड्ड्यात मीठ घालत, हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. तेवढ्या भांडवलावर या गृहस्थांनी चौदाही खड्ड्यांत मूठमूठ जाडं मीठ घातलं आणि भर दुपारच्या उन्हात झाडं लावून टाकली. संध्याकाळी वाडीतल्या लोकांना बोलावून बाग दाखवली, ते वेगळंच.

आता झाडं मेली, तेव्हा बायकोने काढलेलं कारण त्यांना मनातून पटलं नव्हतं. पण सोयीचं वाटलं. वाडीत हसू होण्यापेक्षा हे बरं, असं त्यांना वाटलं, आणि ते गप्प राहिले. माणूस किती सहज गप्प राहतो!

पाळीचे दिवस सरले, तरी समीक्षा पहिल्यासारखी वागेना. गोठ्यातल्या वासराला गोंजारेना. तुळशीला पाणी घालायला सांगितलं तर “आजी, तूच घाल” म्हणून सटकायची. एका दुपारी तिने आजोबांसाठी चहा आणला आणि कप जमिनीवर ठेवून ती मागे सरली.

“हातात दी गो बाय.”

“नको आबा. तुमका काय झाला तर?”

दत्तप्रसादांनी कप उचललाच नाही. आपली नात स्वतःच्या हातांना भिते आहे! आणि हे आपण उघड्या डोळ्यांनी बघत बसलो आहोत.

त्याच दिवशी संध्याकाळी जुलियाना आल्या. शेजारच्या वाडीत त्यांची छोटी नर्सरी होती. झाडं मेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. काशीबाई देवळात गेल्या होत्या आणि समीक्षा शिकवणीला. जुलियानांनी मोगरा उपटला, मुळांशी चिकटलेली माती चिमटीत घेतली आणि जिभेला लावली.

“दत्ताभाऊ, ह्येच्यात मीठ घातलात?”

“माडाक घालतत म्हणान...”

“माडाक चलता. मोगऱ्याक कसा चलतला? आणि ही मुळां बघा, कुंडीत गोल गोल फिरलेली, तशीच्या तशी पुरलात. ती मोकळी करूक होयी. झाड लावचा सांजवेळेक, मगे आठ दिवस वर माडाच्या चुडताची सावली. बघूकच नको, हेंका मिठान आणि उन्हानच मारल्यान.”

“काशी म्हणता, चेडवाचो हात लागलो...”

जुलियाना एकदम उभ्या राहिल्या. “माझ्या नर्सरीत चार बायलमाणसां कामाक आसत. म्हयन्याचे चार दिवस तेंनी झाडांका हात लावलो नाय, तर नर्सरी बंद पडात! आणि भाताची लावणी कोण करता ओ? चिखलात उतरताना कोण इचारता, तुझी अडचण आसा काय म्हणान? तो भात तुमी जेवतात मा? देवाक निवेद तेचोच दाखवतात मा?”

दत्तप्रसादांनी उपटलेल्या मोगऱ्याची माती बोटाने चाखून पाहिली.

“झाडां मी दुसरी देतंय,” त्या जाताजाता म्हणाल्या. “त्या चेडवाचा काय करतलात, ता बघा.”

काशीबाई देवळातून आल्या त्या ठरवूनच. उद्या सकाळी तुळशीपुढे देवाला गाऱ्हाणं घालायचं, नातीची चूक पोटात घाल म्हणून. शेजारचे लवू आणि शंकर बायकामुलांसह येणार होते. गाऱ्हाणं घरातल्या कर्त्या पुरुषानेच घालायचं असतं. दत्तप्रसाद फक्त “बरा” म्हणाले.

सकाळी माणसं जमली. तुळशीपुढे नारळ ठेवला. समीक्षा खांबाआड, ओढणीत हात गुंडाळून उभी होती. दत्तप्रसादांनी हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या घरान तुझ्याम्होरां नारळ ठेवलो आसा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे एका सुरात म्हणाले.

“ह्या घरात चौदा झाडां मेली म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ती आमच्या नातीच्या हातान मेली, असो बोल ह्या घरान तिका लावलो म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात काशीबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

“तो बोल खोटो आसा म्हाराजा! झाडांच्या मुळात मीठ मी घातलंय! चेडवाक बोल लागत होतो, तेव्हा मी तोंड बंद करून पडवीत बसलंय! चूक माझी, म्हाराजा! माझ्या नातीच्या हातात कसलीच खोट नाय!”

कुणीच होकार देईना. काशीबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. “मीठ? चौदाय खड्ड्यांत?” त्या पुटपुटल्या. मग त्यांनी खांबाआडच्या नातीकडे पाहिलं. तिचे ते लपवलेले हात पाहून त्यांना आपलं माहेर आठवलं. असंच तेराव्या वर्षी, पाळीत हात लावल्यावर काकडीचा वेल सुकला, म्हणून आईने त्यांना सगळ्या वाडीदेखत बोल लावला होता. पन्नास वर्षं त्या वेलाचा दोष त्या स्वतःकडेच घेत आल्या होत्या! आणि आज तोच बोल आपण या लेकराच्या माथी मारला!

“व्हय म्हाराजा,” काशीबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. मागोमाग सगळं अंगण म्हणालं, “व्हय म्हाराजा!”

नारळ फुटला. खोबऱ्याचं ताट काशीबाईंनी उचललं आणि नातीपुढे धरलं. “घे बाय. प्रसाद तू वाट. तुझ्या हातान.”

समीक्षा घाबरत पुढे आली. पहिला तुकडा तिने आजोबांच्या तळहातावर ठेवला. दत्तप्रसादांनी तो कपाळाला लावला आणि डोळे पुसत खाल्ला. लवूने घेतला, शंकरने घेतला, बायकांनी पदर पुढे करून घेतला. शेवटी आजीला देताना मुलीला रडू आवरेना आणि आजीलाही.

पुढे जुलियानांनी नवी रोपं दिली. समीक्षाने त्यांच्या देखरेखीखाली संध्याकाळी दुसरीकडे खड्डे खणले, मुळं बोटांनी मोकळी केली, माती दाबली, चुडतांची सावली केली. त्यानंतरच्या महिन्यात तिची पाळी आली, तेव्हा ती दारातच घुटमळली. काशीबाईंनी तिच्या हातात पाण्याची कळशी दिली आणि म्हणाल्या, “जा, झाडां तानेली आसत.”

मंडळी, आपल्याही घरात कधी झाड सुकतं, कधी लोणचं नासतं आणि कुणाचं तरी बोट घरातल्या मुलीकडे वळतं. पाळी हा शरीराचा धर्म आहे, त्यात विटाळ कसला! तेव्हा बोट वळण्याआधी आपणच काय चुकलो ते बघू या. आणि चूक आपली निघाली, तर ती चारचौघांत कबूल करू या, कारण त्या मुलीला बोल लावला जातो, तोही चारचौघांतच.