इंजिन नवे, बाकीची मी

मी एक जुनी निळी मोटारगाडी आहे. खरे तर मला जुनी म्हणायचे की नाही, यावरून आमच्या घरात वाद आहे. एखादा पाहुणा मला पाहून "बरीच चालली असेल नाही ही?" असे म्हणाला, की घरचे बाबा लगेच सांगतात, "छे हो, इंजिन कोरं करकरीत आहे!" मग पाहुणा "वा!" म्हणून बॉनेटवर थाप मारतो. मित्रांनो, ती थाप माझ्या पत्र्यावर बसते, पण तिच्यातले कौतुक आत झिरपते आणि इंजिन ते एकटेच पिऊन टाकते. माझ्या वाट्याला उरतात बोटांचे ठसे.

पूर्वी असे नव्हते. कारखान्यात पट्ट्यावरून सरकत सरकत मी एका जागी थांबले आणि वरून साखळीला लटकत माझे पहिले इंजिन आले. आम्ही दोघे एकाच दिवशी सुरू झालो. थंडीच्या सकाळी ते आधी खोकायचे, मग खुदकन हसल्यासारखे सुरू व्हायचे. घरची आई स्टिअरिंगवर हात फिरवून म्हणायची, "उठा महाराज, लोक वाट बघतायत." ती 'महाराज' म्हणजे नक्की कुणाला म्हणते, हे आम्ही दोघांनी कधी विचारले नाही. वाटून घेतले.

आई लोकांच्या घरी जाऊन व्यायाम शिकवते. कुणाचा खांदा आखडलेला, कुणाच्या पायातले बळ गेलेले. घडीचा पलंग, रबरी पट्टे, रंगीत चेंडू असा तिचा सगळा संसार माझ्या डिकीत असतो. ज्यांना दवाखान्यापर्यंत जाता येत नाही, त्यांच्यापर्यंत आम्ही जातो. मी बंद पडले तर त्या लोकांचे पाय बंद पडतात. एवढी माझी किंमत होती आणि ती मला ठाऊक होती.

मग एके दिवशी कंपनीचा निरोप आला. माझ्या वेळी बनलेल्या काही इंजिनांच्या तेलाच्या वाटांमध्ये धातूचा कीस राहून गेला होता. इंजिन चालता चालता जाम होण्याचा धोका होता, म्हणून कंपनीने त्या साऱ्या गाड्या परत बोलावल्या होत्या. याला 'रिकॉल' म्हणतात. जुने इंजिन काढून नवे बसवणार, तेही फुकट. घरात आनंदीआनंद झाला. मी मात्र वर्कशॉपमध्ये छाती उघडी टाकून उभी होते आणि माझा सोबती ढकलगाडीवरून निघून गेला. त्याला कुणी 'येतो' म्हणू दिले नाही. त्याच्या जागी चकचकीत, गुळगुळीत, बोटाचाही डाग नसलेले नवे इंजिन येऊन बसले. त्याला जोडलेल्या रबरी नळ्या मात्र जुन्याच होत्या. "चालतील अजून," असे कुणीतरी म्हणाले.

गाडी ताब्यात देताना तिथल्या साहेबांनी समजावून सांगितले, "नव्या इंजिनाला नवी वॉरंटी आहे. आतलं काही बिघडलं तर कंपनी बघेल."

"आणि बाकीच्या गाडीला?" आईने विचारले.

"बाकीच्या गाडीची मुदत कधीच संपली, मॅडम. ते तुमचं तुम्ही. फक्त एक करा, इंजिन बाहेर कुठे उघडू देऊ नका. मग वॉरंटी राहणार नाही."

'बाकीची गाडी.' मित्रांनो, चार दारे, चार चाके, सीट, काचा, दिवे, आरसे, एवढी सगळी मी, आणि माझे नाव काय, तर बाकीची.

त्याच आठवड्यात घरात बाळ आले. धाकट्या मुलीला दवाखान्यातून मीच घरी आणले. त्या दिवशी माझ्यात दोन नवे जीव होते, ते इंजिन आणि ते बाळ. आणि दोन जुने होते, मी आणि मागच्या सीटच्या कोपऱ्यात पाय वर घेऊन बसलेली थोरली मुलगी. कालपर्यंत घरात तिलाच 'बाळ' म्हणत. आता ती एका दिवसात 'मोठी' झाली होती. घरी पोचल्यावर सगळे बाळाला घेऊन आत गेले, बाबा इंजिनाचा आवाज ऐकत बॉनेटपाशी रेंगाळले, आणि मोठी कितीतरी वेळ माझ्यातच बसून राहिली. तिने माझ्या खिडकीच्या काचेवर श्वास सोडून त्यात एक तोंड काढले. ते हसत नव्हते. माझेही नव्हते.

तेव्हापासून आमची दोघींची गट्टी जमली.

बाबा औषधाच्या दुकानात काम करतात. तिथे एक नियम पक्का आहे, बाटलीचे सील तुटले की माल परत घेत नाहीत. दिवसभर हाच नियम गिऱ्हाइकांना सांगून सांगून तो त्यांच्या अंगात भिनला आहे. इंजिन उघडायचे नाही म्हणजे बॉनेटही उघडायचे नाही, असे त्यांनी ठरवले. बॉनेटच्या फटीवर त्यांनी दुकानातली पांढरी चिकटपट्टी आडवी लावली आणि वर जाड अक्षरांत लिहिले, 'हात लावू नये.'

"अहो, पाणीबिणी तरी बघायला लागतं ना?" आजीने विचारले. आजी म्हणजे आईची आई, बाळासाठी राहायला आलेली.

"ते सर्व्हिसिंगला बघतील. सील शाबूत राहिलं पाहिजे."

"गाडी आहे की खोकल्याचं औषध?" आजी म्हणाली आणि दुपटी वाळत घालायला गेली.

आता माझे हाल ऐका. माझी मागची काच अर्धीच खाली उतरायची. वायपर कण्हत कण्हत फिरायचा. डाव्या दाराला आपटल्याशिवाय लागायची सवय जडली होती. कुणी विचारले, की उत्तर ठरलेले, "असू दे गं, इंजिन चांगलं आहे ना!" इंजिनात कंपनीने भरून दिलेले उंची तेल, आणि माझ्या दाराच्या बिजागरीला घरातले खोबरेलही नाही! ते ऐटीत गुणगुणायचे आणि मी खडखडायचे. रस्त्यात कुणी वळून बघितले तर खडखडाट माझा आणि दम त्याचा. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मोठीचेही काही वेगळे नव्हते. एकदा तिने अख्खी कविता पाठ म्हणून दाखवली. आई म्हणाली, "हळू गं, आत्ताच निजलीय." ती उरलेली कविता मला म्हणून दाखवायला आली. मी दार न खडखडवता ऐकली.

अशात माझी एक रबरी नळी उलली. गरम इंजिनाला थंड ठेवणारे हिरवे पाणी तिच्यातून जाते. त्याला कूलंट म्हणतात. आधी थेंब, मग थेंबाथेंबाने डाग. मोठीने तो पाहिला आणि आत जाऊन सांगितले, "आई, गाडीनं शू केलीय. हिरवी."

"एसीचं पाणी असेल," बाळाला खांद्यावर थोपटत आई म्हणाली.

"एसीचं हिरवं असतं?"

"अगं, जरा थांब ना राणी, हिला ढेकर काढू दे."

बॉनेट उचलले असते तर टाकीतले पाणी किती उतरले ते दिसले असते. पण तिथे पांढरी पट्टी होती.

बाळ जरा मोठे झाल्यावर आई पुन्हा कामावर जाऊ लागली होती. एके दिवशी ती मला घेऊन निघाली. मोठीला सुट्टी होती, म्हणून ती सोबत होती. बाळ आजीपाशी होते. आम्हाला निवृत्त पोस्टमनकाकांकडे जायचे होते. आयुष्यभर जिने चढलेल्या या माणसाचा एक पाय पक्षाघाताच्या झटक्याने लुळा पडला होता. आईने त्यांना पलंगावरून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीवरून दारापर्यंत आणले होते. आज पहिल्यांदा पायऱ्या उतरायच्या होत्या.

चढ लागला आणि इंजिन तापू लागले. मित्रांनो, खरे सांगते, माझ्या मनात आले, भाज आता! फार मिरवलेस. पण लगेच मला साहेबांचे शब्द आठवले. इंजिन आतून बिघडले असते तर कंपनी धावून आली असती. पण हे भाजणार होते माझ्या नळीपायी, 'बाकीच्या गाडी'पायी. मग वॉरंटी कुठली आणि नवे इंजिन कुठले? ते भंगारात, त्याच्यामागे मी भंगारात, आणि आईचे पेशंट आपापल्या खोल्यांत. ज्याच्यावर मी जळत होते, त्याच्या जळण्यात माझीही राख होती. मला जीभ नाही. मला एक सुई आहे. ती मी वर वर सरकवत राहिले, लाल रेघेपर्यंत.

आईने ती पाहिली. गाडी कडेला घेऊन, इंजिन चालूच ठेवून तिने बाबांना फोन लावला.

"अरे, काटा लाल रेघेवर आलाय. पुढून वाफ पण येतेय."

"घाबरू नकोस, वॉरंटी आहे. बॉनेट मात्र उघडू नकोस हं! अजून किती लांब आहे?"

"काकांचं घर दिसतंय समोर."

"मग हळूहळू जा तिथवर. तिथून कंपनीला कळवू."

आईने गिअरवर हात ठेवला. तेवढ्यात मागून मोठी म्हणाली, "आई, तिला ताप आलाय."

"अगं, जवळच तर आहे."

"शाळा पण जवळच आहे. मला ताप असला की तू नाही पाठवत."

आईने गिअरवरचा हात काढला. मग तिने किल्ली फिरवली आणि मी शांत झाले. ती खाली उतरली, तिने ती पांढरी पट्टी एका झटक्यात ओढून काढली आणि बॉनेट वर केले. वाफेचा लोट उठला. तिने कशाला हात लावला नाही, मोठीला लांब उभे केले आणि काकांना फोन केला.

"काका, मला उशीर होणार. गाडी तापलीय."

"होऊ दे की. मी कुठं पळून चाललोय?"

पण खिडकीतून त्यांना आम्ही दिसत होतो. थोड्या वेळाने त्यांच्या घराचे दार उघडले. एका हाताने कठडा धरून, काखेत पाण्याची बाटली मारून काका एक एक पायरी उतरू लागले. आई रस्त्यातच ओरडली, "काका, चांगला पाय नाही, लुळा पाय आधी खाली!" शेवटची पायरी उतरल्यावर मोठीने टाळ्या वाजवल्या, शेजारच्या दुकानदाराने वाजवल्या, आई तर डोळेच पुसत होती. आणि मी? उघड्या बॉनेटने वाफ सोडत उभी. माझ्याकडे कोण बघणार! जीव वाचवावा आपण आणि टाळ्या न्याव्यात काकांनी.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये साहेबांनी उललेली नळी बाबांच्या हातात ठेवली.

"इंजिन थोडक्यात वाचलं. अजून जरा पुढे गेला असता तर इंजिनाचं वरचं झाकण, हेड, वाकलं असतं."

"पण वॉरंटी होती ना?"

"इंजिनाची. नळी बाहेरची. तिच्यामुळे भाजलं असतं तर कंपनीनं हात वर केले असते. पाणी कधी बघितलं होतं शेवटचं?"

"पाणी? वॉरंटी जाऊ नये म्हणून मी बॉनेटच उघडलं नव्हतं!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अहो, बॉनेट उघडायलाच असतं."

आईने पर्समधून चुरगळलेली पांढरी पट्टी काढली आणि त्यांच्या शर्टाच्या खिशावर नीट चिकटवली. 'हात लावू नये.' तशीच मिरवत बाबांनी मला घरी आणले.

रविवारी सकाळी बाबांनी बॉनेट उघडले. बाळ आत रडत होते. आई म्हणाली, "आजी बघेल तिला," आणि मोठीचा हात धरून बाहेर आली. बाबा मोठीला एकेक भाग दाखवू लागले. ही नळी, हा पट्टा, ही पाण्याची टाकी. सगळे माझे. इंजिनाची पाळी अगदी शेवटी आली.

"बाबा, इंजिनाचं काही झालं तर कंपनी बघणार ना?"

"हो."

"आणि बाकीच्या गाडीचं?"

बाबांनी फडक्याला हात पुसले. आईने मोठीला जवळ ओढले, पूर्वी बाळ म्हणून ओढायची तसे.

"आपण," ती म्हणाली. "बाकीचं सगळं आपण."

मित्रांनो, घरात नवे काही आले की त्याच्याकडे बघायला सारे जमतात. जमावेच. पण जे जुने त्या नव्याला सांभाळून आहे, त्याच्याकडेही अधूनमधून वाकून बघत जा. ते मागणार नाही. त्याच्याखाली एखादा थेंब दिसेल फार तर.

माझी मागची काच अजून अर्धीच उतरते. डावे दार अजून आपटावे लागते. इंजिन अजून तसेच ऐटीत गुणगुणते. पण त्या रविवारी ते जरा गप्प होते. त्याच्यामागे कंपनी आहे, तीही ठराविक वर्षे. माझ्यामागे ही माणसे आहेत, बिनमुदतीची. वाटू दे की आता त्यालाही माझा थोडा हेवा!