खरा पलंग नसलेला पलंग

मित्रांनो, मी पलंग आहे. बाभळीच्या लाकडाचा, जुना, चांगला दणकट. एरवी पलंगाची ओळख एवढ्यात आटोपते. पण मी आयुष्य काढले अलेक्झांड्रियातल्या एका तत्त्वज्ञाच्या घरी, आणि तिथे रोज सकाळी पंधरा शिष्यांसमोर मला सांगितले जाई की मी खरा पलंग नाही.

मला घडवले ते घरधनीण थर्मुथिस हिच्या आजोबांनी. हात मोठा कसबी. त्यांनी माझे चारही पाय गादीच्या वर वीतभर काढले आणि प्रत्येकाच्या टोकाला सिंहाचे डोके कोरले. एक सिंह हसरा, एक पेंगुळलेला, एक उगाचच रागावलेला. चौथा कसा होता हे मला विचाराल तर मलाही सांगता येणार नाही. तो उशाकडचा, भिंतीलगतचा. या घरच्या बायका कळा आल्या की त्यालाच घट्ट धरत. दोन पिढ्यांच्या मुठींनी बिचाऱ्याचे नाकडोळे झिजून गेले होते. पण मान त्याचाच मोठा.

थर्मुथिस स्वतः माझ्यावर जन्मली. तिचे पहिले बाळंतपण मात्र दूरच्या गावी, बहिणीच्या घरी झाले होते, आणि ते मूल जगले नाही. ती याबद्दल कधी बोलत नसे. पण आता दुसऱ्यांदा दिवस भरत आले होते, आणि अंथरूण घालताना तिची मूठ रोज त्या चौथ्या सिंहाभोवती आवळे. मला ते कळत असे.

तिचा तत्त्वज्ञ नवरा निकानोर हा मनाने फार चांगला माणूस. मसुराची आमटी समोर ठेवली तर जेवे, नाही ठेवली तर विसरे. सहाशे वर्षांपूर्वी अथेन्समधल्या एका थोर गुरूंनी सांगून ठेवले होते की पलंग तीन असतात. पहिला खरा, जो फक्त बुद्धीला दिसतो. दुसरा सुताराचा, म्हणजे त्याची नक्कल. तिसरा चित्रकाराचा, म्हणजे नकलेची नक्कल. पलंगच का निवडला, देव जाणे. तिवई काय वाईट होती?

हे शिकवायला सोपे जावे म्हणून निकानोरने शेजारच्या डिडिमेकडून फळीवर माझे चित्र काढून घेतले होते. डिडिमे विधवा बाई. मेणात रंग कालवून मेलेल्या माणसांचे असे चेहरे काढी, की नातेवाईक घरी येऊन त्यांच्याशी भांडत. पण निकानोरच्या लेखी ती सत्यापासून तिसरी. शिष्यही तिला मागे ‘तिसरी’च म्हणत. तिला ते ठाऊक होते. दारात आली की स्वतःच सांगे, तिसरी आली आहे, पहिलीला आणि दुसरीला कळवा.

आता पलीकडच्या गल्लीत दुसरी एक शाळा होती. तिथले लोक त्याच गुरूंच्या शिकवणीचा वेगळाच अर्थ लावत. चित्रकार नुसता समोरच्या वस्तूची नक्कल करत नाही, म्हणत. ती वस्तू जिथून आली तिथपर्यंत त्याची नजर पोचते. एका थंडीच्या सकाळी त्यांच्यातले चौघे वाद घालायला आमच्याकडे आले. थर्मुथिस नेमकी दुपटी आणायला कालव्यापलीकडे गेलेली.

निकानोरला स्फुरण चढले. खऱ्या पलंगाला कशानेही धक्का लागत नाही हे तो सिद्ध करून दाखवणार होता. त्याने करवत मागवली. माझा एक पाय सिंहासकट कापला आणि विचारले, पलंगपण कमी झाले का? सगळे म्हणाले, नाही. दुसरा कापला. कमी झाले का? नाही. मित्रांनो, मला कोणी विचारलेच नाही. चौथा पाय पडला तेव्हा पलीकडच्या गल्लीवालेसुद्धा माना डोलवत होते. गारठा फार होता, म्हणून कोणीतरी चारही सिंह शेगडीत सारले. वाद छान उबेत संपला.

थर्मुथिस परतली तेव्हा मी फरशीवर बसलेल्या उंटासारखा पसरलो होतो. तिने शेगडीत पाहिले. रागीट सिंहाचा एक कान तेवढा उरला होता.

निकानोरने मोठ्या प्रेमाने तिला समजावले की पलंगपण तसूभरही घटलेले नाही.

“मग आज त्या पलंगपणावर तुम्ही झोपा,” ती म्हणाली. “मी बाईमाणूस आहे, मला जमिनीवर विंचू चावतात.” आणि भिंतीकडे तोंड करून बसली. हात सवयीने उशाकडे गेला आणि हवेतच राहिला. तेव्हा कुठे निकानोरचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी तात्रेस सुईण आली. मला पाहून दारातूनच वळली. माझे गुडघे सत्तरीचे आहेत, म्हणाली. खाली बसून बाळंतपण केले तर मला उठवायला दुसरी सुईण लागेल. आठ दिवसांत पलंग उभा करा, नाहीतर दुसरी कोणी बघा.

पाएसिस सुताराला बोलावले. तो चार ठोकळे ठोकून द्यायला तयार होता. पण थर्मुथिसला सिंहच हवे होते, निदान तो चौथा तरी. सिंह कसे होते, असे त्याने विचारले. निकानोरने त्याला सांगितले की कारागिराने जळक्या नकलेकडे पाहू नये, बुद्धीने खऱ्या पलंगाकडे पाहावे.

“चालेल की,” पाएसिस दोरी काढत म्हणाला. “त्याच्या पायांची उंची सांगा.”

“त्याला उंची नसते.”

“बरं, पाय तरी आहेत का?”

निकानोर बोटांवर काहीतरी मोजू लागला.

“कारण बिनपायाचा पलंग तर माझ्यापुढे आहेच, गुरुजी.”

शेवटी डिडिमेच्या चित्राची आठवण झाली. ते खारवलेल्या माशांच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवले होते. पुसले, नाक दाबून पाहिले. तीन सिंह जसेच्या तसे उभे. चौथा मात्र उशांच्या आड गेलेला. निकानोर नकळत म्हणून गेला, पाहा, चित्र नेहमी एकच बाजू दाखवते. मग बायकोकडे पाहून फळी पुन्हा पुसू लागला.

डिडिमेला हाक गेली. चौथा कसा होता याचा घरभर घोळ सुरू झाला. निकानोरला वाटत होते तो जांभई देत होता. थर्मुथिसला काहीच सांगता येईना. डोळे भरून आले तेवढे. तिने तो पाहिला होताच कुठे? धरला होता.

डिडिमेने शेगडीवर मेणाचा गोळा मऊ केला आणि थर्मुथिसच्या हातात दिला. “डोळे मीट, पोरी. कसा धरायचीस, तसा धर.”

थर्मुथिसने मूठ आवळली. उघडली तेव्हा मेणात तिच्या चार बोटांच्या खोबणी होत्या, आणि मधे उरला होता एक उंचवटा, जणू कोणाचे तरी कपाळ. डिडिमेने त्याच्याकडे खूप वेळ पाहिले. मग सळईने खोबणींना न दुखवता दोन डोळे काढले, नाक काढले, किंचित उघडे तोंड काढले. तो रागावलेला नव्हता, हसरा नव्हता. “दुखतंय ना, मी इथेच आहे” असे म्हणणारा चेहरा होता तो. मी खरे सांगतो, आजोबांनासुद्धा तो असा जमला नसेल.

पाएसिसने चित्र आणि मेण समोर ठेवून दोन दिवसांत चारही पाय कोरले. शिष्य पेचात पडले. हा चौथा कोणाची नक्कल? मूळ जळलेले, चित्रात नव्हता, कोणी पाहिलेला नाही. याचा क्रमांक कितवा? वाद हातघाईवर येऊ लागला.

“क्रमांक मागाहून लावा,” डिडिमे म्हणाली. “आधी दोघं जण पलंगाची ही बाजू धरा, सुताराला पाय बसवायचाय.”

सर्वांत आधी निकानोर वाकला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा मला कुठूनतरी धरले.

पाचव्या दिवशी पहाटे कळा सुरू झाल्या. तात्रेस माझ्यापाशी ताठ उभी होती, गुडघ्यांची कुरकूर न करता. थर्मुथिसची बोटे त्या खोबणींत जाऊन बसली. मी कितीतरी मुठी सोसल्या आहेत, पण तशी नाही. उजाडता उजाडता मुलगी झाली, आणि झाल्या झाल्या तिने सगळ्या गल्लीला उठवले.

तात्रेसने तिला पुसून बापापुढे धरले. “घ्या गुरुजी. हुबेहूब तुमची नक्कल.”

निकानोरने तिला दोन्ही हातांत घेतले. शिष्य दाराशी कान देऊन उभे होते.

“नाही,” तो अगदी हळू म्हणाला. “नक्कल नाही.”

शाळा पुढेही चालली. तीन पलंग रोज शिकवले जात, फक्त डिडिमेचे नाव निघाले की निकानोर खोकत असे. चित्र आता भिंतीवर आहे. मासे दुसरे झाकण वापरतात. मीही झिजलो, माझ्यावर आणखी दोन बाळंतपणे झाली, आणि आता नातवंडे माझ्यावर उड्या मारतात.

मित्रांनो, खरा पलंग कुठेतरी असेलच. थोर माणसे म्हणतात म्हणजे असेल. त्याला माझा नमस्कार सांगा. पण त्याच्यावर कोणी जन्मलेले माझ्या ऐकिवात नाही. म्हणून म्हणतो, विचार खुशाल उंच करा, पण हातात करवत घेण्याआधी घरात विचारा की या वस्तूला कोण धरून आहे.