बद्द वाजलेला रूळ

मित्रांनो, मी एक जुना रूळ आहे. म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, स्टेशनमास्तरांच्या दाराबाहेर साखळीला टांगलेला. गाडी यायची झाली की माझ्यावर टोल पडत. आता भोंग्यातून सूचना होतात आणि सोमवारी मी भंगारात जाणार आहे. वाईट वाटतं का? खरं सांगू, थकलोय मी.

भट्टीतून निघालो तेव्हा चांगला लांबलचक होतो, आणि जरा गर्विष्ठही. त्या काळी रेल्वे म्हणजे चार कंपन्या नि चार तऱ्हा. कुणाचा मार्ग रुंद, कुणाचा अरुंद. हद्द आली की माणसं पोराबाळांसकट उतरत, ट्रंका उचलत आणि दुसऱ्या गाडीत जाऊन बसत. पंचवीस वर्षं मी त्यांची ओझी वाहिली. मग सरकारने सगळ्या कंपन्या ताब्यात घेतल्या, आमच्या भागातले मार्ग एका मापाचे केले आणि देशाची एकच रेल्वे झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत थेट जाणारी पहिली गाडी माझ्यावरून जायची होती.

त्या सकाळी गँगमन हातोडी घेऊन आला. रोज मैलोन्‌मैल चालून तो आम्हाला ठोकून बघायचा. सोबती त्याला 'कानसेन' म्हणून चिडवत. माझ्यावर हातोडी पडली आणि मी तडकलेल्या मडक्यासारखा बद्द वाजलो. वरून मी चकाचक होतो, दुखणं पोटात होतं. त्याने पुन्हा एकदा ठोकलं आणि सरळ लाल बावटा रोवला.

निरीक्षक धावत आले. "अरे, डोकं फिरलंय का तुझं? गाडीत मंत्री आहेत! कुठे दिसतेय तुला चीर?"

"दिसत नाही साहेब. ऐकू येतेय."

"नोकरी जाईल तुझी!"

"माझी एकट्याची जाईल साहेब. गाडीत चारशे माणसं आहेत."

घरी तीन मुली होत्या त्याच्या. पण बावटा त्याने हलवला नाही.

गाडी थांबली. मला उपसून उलटं केलं, तेव्हा बुडाशी वीतभर चीर निघाली. गाडी वाचवली म्हणून निरीक्षकांचं नाव वर्तमानपत्रात छापून आलं. गँगमनला आलं ते पत्र: गाडीला दोन तास उशीर का झाला, याचा लेखी खुलासा द्यावा. नोकरी वाचली, पण मुकादम तो कधीच झाला नाही. मला या अन्यायाचा फार राग आला होता. अजूनही येतो.

माझा धड राहिलेला तुकडा कापून इथे टांगला. माझ्या डोळ्यांदेखत कोळशाची इंजिनं गेली, डिझेलची आली, विजेची आली.

मित्रांनो, मला खुशाल वितळवा. पण आजही कुणीतरी भर उन्हात रुळांवरून चालत असतं. त्याच्यामुळे तुमची गाडी कधी माळावर थांबली, तर खिडकीतून त्याला शिव्या देऊ नका. उशीर झाला असं तेच म्हणू शकतात, जे पोचतात.